पाठीवरचा कट्टा

पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात, भुसार बाजारात, मालाचा ट्रक लागला की आधी फाळका पडतो. दोघे गडी वर चढून कट्ट्याचे कान धरतात आणि तो कडेपर्यंत ओढतात. खालचा गडी पाठ फिरवून गुडघे किंचित वाकवतो आणि ५० किलो तांदूळ त्याच्या खांद्यांच्या मधोमध येऊन बसतो. मग तो थप्पीकडे जवळजवळ पळतच सुटतो. रेंगाळलं तर ओझं अंगावर जास्त वेळ राहतं.

बघणाऱ्याला वाटतं, कंबर जाते ती इथेच. जुने हमाल वेगळं सांगतात. नीट बसलेला कट्टा सहसा दगा देत नाही. उसण भरते ती खाली पडलेला कट्टा एकट्याने उचलताना, नाहीतर थप्पी लावताना पाय तसेच ठेवून कमरेतून वळल्यावर. त्यांचं खरं आहे. कण्याच्या दोन्ही बाजूंनी उभे गेलेले स्नायू वाकलेलं धड सावरतात, आणि ओझं अंगापासून जितकं लांब तितका त्यांच्यावरचा भार वाढतो. घरचा गॅस सिलिंडर घ्या. आत १४.२ किलो गॅस, पण लोखंडासकट वजन तीस किलोच्या आसपास. तो आपण हात लांब करून, वाकून, वर वळूनही उचलतो. हमाल असं कधी करणार नाही!

उसण भरली म्हणजे या स्नायूंचे काही तंतू ताणले किंवा फाटले. शेजारचे स्नायू आखडून कंबर जखडतात. दुखणं बहुधा कमरेत, फार तर कुल्ल्यापर्यंत राहतं. कळ गुडघ्याखाली उतरली तर शीर दबल्याची शंका घ्यावी. पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पूर्वी अशा माणसाला आठवडाभर फळीवर झोपवत. आता डॉक्टर फार तर एक-दोन दिवस पडून राहू देतात. मग शेक घेत, झेपेल तसं चालायचं. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. पायाळू माणसाची लाथ लावून घ्यायचा सल्ला अजूनही मिळतो, तो मानू नये. यार्डातली खरी अडचण निराळीच. हमाली नगावर मिळते, न उचललेल्या कट्ट्याचे पैसे नाहीत. म्हणून गोळी घेऊन गडी दुसऱ्या दिवशी परत फाळक्यापाशी उभा, आणि अर्धवट भरलेला स्नायू पुन्हा ताणला जातो.

कमरेच्या पट्ट्यावर माझा फारसा विश्वास नाही. निरोगी कामगाराची कंबर पट्ट्याने वाचते याला पुरावा नाही, असं अमेरिकेच्या नायोश या सरकारी संस्थेने १९९४ मध्येच सांगितलं. सगळं अनुकूल असतानाही हाताने उचलायला २३ किलो पुरे, हा हिशेबही तिचाच. आपल्याकडे पोतं १०० किलोचं असायचं; ते ५० वर यावं म्हणून हमालांच्या संघटनांना भांडावं लागलं. तेव्हा माल भरणाऱ्यांना एवढंच सांगणं: ५० च्या कट्ट्यात साठ किलो कोंबू नका, आणि कट्टा जमिनीवर टाकण्याऐवजी कमरेच्या उंचीच्या फळीवर ठेवा.