कोर्लई : खाडीकाठचे गाव आणि त्याची भाषा

रायगड जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. अलिबागपासून किनाऱ्याने दक्षिणेकडे बोट सरकवत न्या. सुमारे वीस किलोमीटरवर कुंडलिका नदीची खाडी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी उत्तरेला रेवदंडा व चौल ही गावे आहेत, तर दक्षिणेला एक लांबट डोंगर थेट समुद्रात घुसलेला दिसतो. या डोंगराच्या पायथ्याशी कोर्लई हे छोटे गाव वसले आहे.

नारळाची झाडे, भातखाचरे, वाळत घातलेली जाळी. पाहणाऱ्याला हे कोकणातले कोणतेही गाव वाटेल. पण येथील सुमारे आठशे ते हजार ख्रिस्ती रहिवासी घरात जी भाषा बोलतात, ती जशीच्या तशी जगात अन्यत्र कोठेही बोलली जात नाही. ती पोर्तुगीजपासून निघालेली आहे. पोर्तुगीजांची सत्ता येथून जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली. मग भाषा कशी राहिली? उत्तर शोधण्यासाठी भूगोल आणि इतिहास ही दोन्ही पुस्तके उघडावी लागतील.

खडक आणि खाडी

कोर्लईचा डोंगर काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हारसाचे थर एकावर एक साचले, त्यांतलाच हा एक तुकडा. खडक कठीण असल्यामुळे लाटांना तो सहजासहजी झिजवता येत नाही. आजूबाजूचा किनारा मागे हटला, तरी असा डोंगर भूशिर होऊन पुढे उभा राहतो.

कुंडलिका सह्याद्रीत उगम पावते आणि रोह्यावरून खाली येते. भरतीचे पाणी तिच्या मुखातून बरेच आत शिरते. होडीला आसरा देणारी खाडी आणि तिच्या तोंडाशी पहारा देणारा उंच खडक, अशी जागा बंदरासाठी उत्तमच.

व्यापारी आले, राज्ये आली

चौलचे बंदर फार जुने आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक लेखनात त्याचा 'सेमिल्ला' असा उल्लेख मिळतो. इ. स. ९१६ च्या सुमारास अल-मसूदी हा अरब प्रवासी येथे येऊन गेला. तो या गावाला 'सैमूर' म्हणतो.

पोर्तुगीज जहाजे १५०५ मध्ये चौलला पोहोचली. १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने त्यांनी येथे किल्ला बांधण्यास सुरुवात केली. समोरचा कोर्लईचा डोंगर मात्र निजामशाहीच्या ताब्यात होता. डोंगरावर तोफा चढल्या, की खाली बंदरात शिरणारे प्रत्येक जहाज त्यांच्या माऱ्यात येणार, हे दोन्ही पक्ष जाणून होते. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी लढून हा डोंगर घेतला. पुढे मराठ्यांनी वसई जिंकल्यावर १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आली.

नवी भाषा कशी जन्मते?

सुमारे २२० वर्षे शिपाई, व्यापारी, पाद्री आणि स्थानिक माणसे एकत्र राहिली. लग्ने झाली, धर्मांतरे झाली. मोठ्या माणसांनी कामापुरती मोडकीतोडकी पोर्तुगीज उचलली. मुले तीच ऐकत वाढली आणि त्यांच्या तोंडी तिची नवी, नियमबद्ध भाषा झाली. अशा भाषेला भाषाशास्त्रात 'क्रिओल' म्हणतात. कोर्लईकर तिला 'नौ लिंग' म्हणजे 'आपली भाषा' असे म्हणतात. येथील 'लिंग' हा शब्द पोर्तुगीज 'लिंग्वा'वरून आला आहे. मराठी व्याकरणातील लिंगाशी त्याचा संबंध नाही.

या भाषेतील बहुतेक शब्द पोर्तुगीज वंशाचे आहेत, पण वाक्याची ठेवण पाहा. पोर्तुगीजमध्ये 'एउ कोमु पेइश', म्हणजे शब्दशः 'मी खातो मासा', असे म्हणतात. मराठीत क्रियापद शेवटी येते. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने कोर्लईचा अभ्यास करून १९९६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. येथील लोक, विशेषतः तरुण पिढी, क्रियापद मराठीप्रमाणे शेवटी ठेवतात, असे त्यांना आढळले. म्हणजे शब्द एका घरचे आणि मांडणी दुसऱ्या घरची!

राहिली का?

खाडीमुळे, असे उत्तर तुम्ही कदाचित द्याल. ते निम्मे खरे आहे. रेवदंड्याला जायचे तर तरीतून खाडी ओलांडावी लागे किंवा रोह्यावरून मोठा वळसा घ्यावा लागे. पण खाडी माणसांना पूर्णपणे अडवत नाही. होड्या रोजच इकडून तिकडे जात होत्या, आणि दक्षिणेकडची वाट तर कोरडीच होती. दुसरे कारण समाजात शोधावे लागते. सत्ता गेल्यावर मागे राहिलेले हे थोडे ख्रिस्ती शेतकरी धर्माने शेजाऱ्यांपेक्षा वेगळे होते. लग्ने आपसातच होत, आणि प्रार्थनेतून पोर्तुगीज कानावर पडत राहिली. पाण्याची आणि समाजाची अशा दोन भिंती मिळून ही भाषा राखली गेली.

आता दोन्ही भिंती खाली आल्या आहेत. १९८० च्या दशकात रेवदंडा आणि साळाव यांच्यामध्ये पूल झाला. चर्चमध्ये मराठी आली. मुले मराठी शाळेत शिकतात, नोकरीसाठी मुंबईला जातात. हे चांगलेच झाले. दवाखाना, कॉलेज आणि बाजार जवळ आले, ते कोणाला नको असेल? पण त्याच वाटेने भाषा दूर जाऊ शकते. कोचीजवळच्या वैपीन बेटावर अशीच एक पोर्तुगीज क्रिओल होती. ती अस्खलित बोलणारी शेवटची व्यक्ती २०१० मध्ये वारली आणि ती भाषा संपली. कोर्लईत आजही आया मुलांशी 'नौ लिंग'मध्ये बोलतात. जोवर त्या बोलतील, तोवर ती जिवंत राहील. भाषेचा किल्ला दगडाचा नसतो.

करून पाहा

चावी, पगार, पाव, बटाटा, काजू, घमेले हे शब्द आपल्याही मराठीत पोर्तुगीजांकडून आले. घरातल्या आणि शेतातल्या पन्नास वस्तूंची नावे वहीत लिहा. शिक्षकांच्या मदतीने व्युत्पत्तिकोश पाहून प्रत्येक शब्द फारसी, कन्नड, इंग्रजी, पोर्तुगीज की संस्कृत मूळचा आहे, ते शोधा. मग आपल्या गावाचा नकाशा काढून नदी, घाट, बंदर आणि जुना रस्ता दाखवा. कोणता शब्द कोणत्या वाटेने आला असेल, याचा वर्गात विचार करा. आजी-आजोबांच्या तोंडचे, पण तुम्ही न वापरणारे दहा शब्दही लिहून ठेवा.