वळण बोयाच्या आधी सुरू होतं

नृसिंहवाडीच्या घाटावरून नाव संगमाकडे निघाली की नावाड्याच्या हातांकडे बघावं. पंचगंगा कृष्णेला मिळते तिथे दोन्ही पाण्यांचा वेग सारखा नसतो. नावेचं पुढचं टोक ओढीच्या पाण्यात शिरतं, मागचं अजून संथ पाण्यात असतं, आणि नाव आपसूक फिरू लागते. जाणता नावाडी तोवर थांबत नाही. संगम यायच्या आधीच तो नाव प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरपी धरतो.

वॉटर स्कीइंगमधल्या स्लॅलमचं मर्मही हेच. १९२२ साली अमेरिकेतल्या पेपिन तलावावर राल्फ सॅम्युएलसन या तरुणाने फळ्या पायांना बांधून वॉटर स्कीइंग सुरू केलं. स्लॅलममध्ये मोटरबोट सरळ धावते आणि दोरी धरलेला खेळाडू एका स्कीवरून डावी-उजवीकडच्या सहा बोयांना बाहेरून वळसे घालतो. मार्ग २५९ मीटरचा, पुरुषांसाठी बोटीचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर. म्हणजे जेमतेम सोळा सेकंदांत सहा वळणं!

वळायला आतल्या बाजूला खेचणारं बळ लागतं. त्याच वळणावर वेग दुप्पट झाला तर ते चौपट लागतं. रस्त्यावर ते टायरच्या घर्षणातून मिळतं. इथे स्कीची कड रुतवून पाणी बाहेर ढकलावं लागतं. नवशिका बोयापर्यंत दोरी ओढतच जातो आणि तिथे पोहोचल्यावर घाईने वळतो. भार मागच्या पायावर जातो, स्कीचं टोक उचलतं, शेपूट पाण्यात बसतं. वेग एकदम मरतो, दोरी ढिली पडते आणि पुढच्या क्षणी खांद्याला हिसका बसतो.

उपाय बोयापाशी नाही, बोटीच्या मागे आहे. तिथल्या लाटा ओलांडताच ओढ सोडून कड बदलायची. मग स्की वळत वळत स्वतःच वेग कमी करते. भार पुढच्या पायावर ठेवला की स्कीची जास्त लांबी पाण्याला टेकते आणि वळण गोल येतं. एक हात सुटलेला, दुसरा दोरीच्या मुठीसह बोटीकडे लांबवलेला. स्की फिरून दोरीखाली आली की मूठ पुन्हा कमरेशी.

मला सर्वांत थक्क करते ती दोरी. सुरुवातीला ती १८.२५ मीटर असते आणि बोटीने कमाल वेग गाठला की प्रत्येक यशस्वी फेरीनंतर आखूड होत जाते. बोये मधल्या रेषेपासून ११.५ मीटरवर, अव्वल खेळाडूंची दोरी मात्र ११.२५ मीटर किंवा त्याहूनही कमी. दोरी बोयापर्यंत पोहोचतच नाही. पोहोचतं ते पाण्यालगत आडवं झालेलं शरीर.