मनाचे दुखणे आणि आपली चळवळ

येलदरी हे माझे गाव. पूर्णा नदीवर धरण बांधले जात होते तेव्हा माझ्या आजोबांनी तिथे मातीच्या पाट्या वाहिल्या. धरण झाले, पायथ्याला वीजघर झाले, साडेबावीस मेगावॅट वीज तयार होऊ लागली. आमच्या वस्तीत दिवा लागायला मात्र पुढे बरीच वर्षे जावी लागली. हे दुखणे आपण वारंवार मांडले आहे. ज्या दुखण्याविषयी आज लिहितो आहे ते आपण मांडत नाही, कारण ते घरात असते आणि घरातले झाकायचे असते.

दोन वर्षांपूर्वी गावाकडचाच एक विद्यार्थी वर्गात यायचा बंद झाला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता, पहिल्या बाकावर बसणारा. वडील मजूर. एक दिवस ते स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभे राहिले. "सर, लेकरू रातभर जागं ऱ्हातंय. भिताडाकडं तोंड करून बोलतंय. कायतरी करा." कॉलेजातली सगळी मुले आपल्याविषयीच कुजबुजतात, आपली जात काढतात, असे तो सांगत होता.

यातले खरे किती आणि भास किती? हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. चौकशी केली तेव्हा कळले की वसतिगृहात दोघा-तिघांनी त्याला आडनाव विचारून, शिष्यवृत्तीवरून खरोखरच डिवचले होते. म्हणजे आजाराने अपमान निर्माण केला नव्हता. झालेल्या अपमानाला त्याने हजार तोंडे दिली होती. "सगळे मनाचे खेळ आहेत" म्हणणारा डॉक्टर आणि "सगळा जातीचा प्रश्न आहे" म्हणणारा कार्यकर्ता, दोघेही या मुलाला अर्धाच पाहतात. आमच्या वाट्याला प्रथम पहिला आला. एका खासगी दवाखान्यात दोन मिनिटांत कागद लिहून झाला आणि वर ऐकायला मिळाले, "तुम्हाला तर सगळं फुकट मिळतं, मग टेन्शन कसलं?"

त्याच्या वडिलांनी देवऋष्याकडे जायला नकार दिला होता. आम्ही बौद्ध, अंगारे-धुपारे सोडले, असे ते ताठ मानेने सांगत. आत्याने मात्र गुपचूप नेलेच. उतारा टाकला, अंगारा लावला. मारहाण झाली नाही एवढेच नशीब. भूत उतरवण्याच्या नावाने मारणे, बांधून ठेवणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तामिळनाडूत एरवाडीला २००१ साली दर्ग्याजवळच्या आश्रयस्थानाला आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेली २८ माणसे जळून मेली. पण आत्याला मी दोष देऊ शकत नाही. देवऋष्याचे दार आपण बंद करायला सांगितले. दवाखान्याचे दार कुठे आहे हे कोणी सांगितले?

ते दार आता आहे. अर्धवट उघडे आहे, तरी आहे. १४४१६ हा 'टेलि-मानस'चा क्रमांक. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ही सेवा सुरू केली. ती मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येते. पहिल्यांदा प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतो. गरज दिसली तर मनोविकारतज्ज्ञाशी जोडून देतो, जवळच्या सरकारी दवाखान्याची वाट सांगतो. आजारी माणसानेच फोन केला पाहिजे असे नाही. आईने, भावाने, शिक्षकानेही करावा. मी स्वतः केला, तेव्हा काय बोलायचे हे सुचेना. तरी पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही.

दुसरी सोय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची. देशात १९९६ पासून तो टप्प्याटप्प्याने आला. जिल्हा रुग्णालयात मनोविकारांची तपासणी आणि औषधे मिळावीत, तज्ज्ञांनी तालुक्याच्या ठिकाणी जावे, ही त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात जागा रिकाम्या राहतात, औषधे संपतात. म्हणून जाण्याआधी चौकशी करावी. येलदरीहून जिंतूर, जिंतूरहून परभणी एवढा हेलपाटा मजुराची एक दिवसाची हजेरी बुडवतो. महाराष्ट्रातली चार जुनी मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही, हा अनुशेष कोणत्या आंदोलनाच्या मागण्यांत मी वाचलेला नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या चौदा जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प आला. पण त्याचे नावच शेतकऱ्यांचे. ज्याच्या नावावर सातबारा नाही अशा शेतमजुराच्या पोराने तिथे स्वतःला कसे ओळखावे? अठरा वर्षांखालील मूल संकटात असेल तर १०९८. घरात दारू किंवा इतर व्यसन असेल तर पुण्याचे 'मुक्तांगण' १९८६ पासून काम करते आहे.

या सोयींपेक्षाही आपल्या कार्यकर्त्यांनी वाचायला हवा तो २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा. तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा त्याने हक्क केला आहे, आणि त्यात जातीवरून भेदभाव करता येणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला सरकारी संस्थेत उपचार मोफत, मग त्याच्या हाती पिवळे कार्ड असो वा नसो. जिल्ह्यात किमान सेवाच नसेल तर त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या दवाखान्यातला खर्च सरकारने सोसायचा. साखळीने बांधणे गुन्हा. अल्पवयीन मुलाला दाखल केले तर जवळच्या माणसाने सोबत राहायचे. आणखी एक कलम मला फार मोलाचे वाटते : माणसाची सामाजिक वा आर्थिक स्थिती, त्याचे राजकीय मत, यांवरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्याला वेडा म्हणण्याची आपल्याकडची जुनी रीत आठवा. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला आरोपी न मानता तो तीव्र ताणाखाली होता असे धरावे, असेही हा कायदा सांगतो. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये.

आपल्यातला एक आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो मीही घेत असे. मनाचे आजार हे खाऊन-पिऊन सुखी माणसांचे चोचले. आपला लढा भाकरीचा आणि प्रतिष्ठेचा. पण प्रतिष्ठा लागते कुठे? बाबासाहेबांनी १९०१ मधला मसूर स्टेशनवरचा प्रसंग लिहून ठेवला आहे. जात कळताच गाडीवानांनी त्या लहान भावंडांना नेण्यास नकार दिला. तो लिहिताना तीसहून अधिक वर्षे उलटली होती, आणि प्रत्येक तपशील शाबूत होता. 'बलुतं' १९७८ ला आले, 'उपरा' १९८० ला. त्या आत्मकथनांचे समाजशास्त्र आपण मन लावून लिहिले. त्यांतल्या पोराला रात्री झोप लागत होती का, हे कोणी विचारले नाही. मग रोहित वेमुला गेला, जानेवारी २०१६. मुंबईत डॉ. पायल तडवी गेली, मे २०१९. आपण मोर्चे काढले, ते काढलेच पाहिजेत. पण मोर्चा मेल्यानंतर निघतो.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शिक्षणसंस्थांना बंधनकारक सूचना दिल्या आहेत. शंभर वा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण, आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांशी कसे वागावे याचेही भान. माझ्या कॉलेजात 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी आहे. आत जुन्या उत्तरपत्रिका आहेत, आणि समुपदेशक म्हणून नाव माझे आहे. मी मराठी शिकवतो. प्राध्यापक मित्रांनी आपापल्या पाटीमागे काय आहे ते उघडून पाहावे. तज्ज्ञ नाहीत म्हणून हातावर हात ठेवायचेही कारण नाही. शेजारच्या गोव्यात 'संगाथ' संस्थेने डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांना आधार देता येतो हे दाखवून दिले. समाजमंदिरात अभ्यासिका चालवणारी आपली मुले हे शिकू शकतील.

आमच्या विद्यार्थ्याला शेवटी सरकारी रुग्णालयात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी आवाजांविषयी विचारले आणि वसतिगृहात कोण काय बोलले हेही विचारले. औषधाला काही आठवडे लागतील, बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नका, असे वडिलांना तीनदा बजावले. हा आजार बहुधा याच वयात सुरू होतो, लवकर उपचार झाले तर बरे, हेही समजावले. वसतिगृहाच्या तक्रारीचे काम माझ्याकडे आले. ते अजून चालू आहे.

यंदा त्याने पुन्हा प्रवेश घेतला. गोळ्यांमुळे सकाळी डोळे उघडत नाहीत, पहिला तास जमणार नाही म्हणाला. तो तास माझाच आहे. दुपारी घेता येईल का म्हणून मी अर्ज दिला आहे; उत्तर आलेले नाही.