हरणाच्या मक्याचा हिशेब

आपल्याकडे रानातली जनावरं मक्यात शिरू नयेत म्हणून शेतकरी रात्र-रात्र राखण करतो. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये मात्र लोक दुकानातून मक्याची पोती आणून हरणांना घालतात. माझा मावसभाऊ तिथे नोकरीला आहे. मी त्याला विचारलं, "हे अन्नछत्र कशासाठी रे?" तो म्हणाला, "अगं, ही शिकारीची तयारी!"

आपल्या देशात १९७२ च्या कायद्याखाली वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. टेक्सासमध्ये ठरावीक मोसमात परवाना काढून शिकार करता येते. तिथली ९० टक्क्यांहून अधिक जमीन खासगी मालकीची. हरीण कायद्यानं जनतेचं, पण जमिनीत पाऊल टाकायचं तर मालकाला पैसे मोजावे लागतात. या कराराला 'लीज' म्हणतात. लीज घेतलं की फीडर बसवायचा. म्हणजे तीन पायांवर उभं पिंप, खाली बॅटरीवर फिरणारी थाळी. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी ती मका उधळते. हरणांना सवय लागते आणि शिकारी मचाणावर वाट बघत बसतो.

आता हिशेब करू. समजा, ४ फीडर आहेत आणि प्रत्येक जण रोज ५ किलो मका टाकतो. पाच महिन्यांत झाले ३,००० किलो, म्हणजे सुमारे ११८ बुशेल. बुशेलचा घाऊक भाव ४ डॉलर असेल तर खर्च ४७२ डॉलर. ८ झाला तर ९४४. पोत्याची दुकानातली किंमत याहून जास्तच. आणि हे आकडे नुसते कल्पनेतले नाहीत. २०१२ च्या दुष्काळात आणि २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर शिकागोच्या बाजारात मका ८ डॉलरच्या वर गेला होता. शिवाय अमेरिकेतला साधारण एक तृतीयांश मका इथेनॉलसाठी जातो. म्हणजे हरणाचा घास मोटारीच्या टाकीशी स्पर्धा करतो! आपल्याकडेही मका इथेनॉलकडे वळल्यावर कोंबडीखाद्य महागलं, ते आठवून बघा.

बरं, एवढं करून सगळा मका हरणाच्याच पोटात जातो का? नाही. रानडुकरं आणि रॅकून त्यावर ताव मारतात. मक्यात पिष्ट भरपूर, प्रथिनं जेमतेम ८-९ टक्के. शिंगं चांगली वाढायला त्याच्या दुप्पट प्रथिनं लागतात, म्हणून काही जण आणखी महाग गोळीखाद्य घालतात. बुरशी लागलेल्या मक्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. त्यात भर 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज'ची. हा मेंदूचा रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम दिसला, २०१२ मध्ये टेक्सासात सापडला. त्यावर औषध नाही, लसही नाही. तो लाळेतूनही पसरतो. एकाच जागी तोंडाला तोंड लावून खाणारी हरणं म्हणजे रोगाला आयतंच आमंत्रण.

मग उपाय काय? खरं तर जमीनच सर्वांत स्वस्त फीडर आहे. गुरांची आणि हरणांची संख्या जमिनीला झेपेल इतकीच ठेवली, झुडपं फुटू दिली, गरजेप्रमाणे ठरवून जाळ काढला, तर चारा आपोआप उगवतो. पण त्याला वर्षं लागतात. एका वर्षाचं लीज घेणारा दुसऱ्याच्या जमिनीत कशाला राबेल? तो पोतं आणतो. मला वाटतं, खरी मेख इथेच आहे. मक्याचा भाव शिकाऱ्याच्या हातात नाही. कराराची मुदत मात्र त्याच्या आणि मालकाच्या हातात आहे. लीज पाच-दहा वर्षांचं झालं, तर दोघंही जमिनीवर खर्च करतील.

नाहीतर साधा नोकरदार शिकारी बाजूला पडेल. अमेरिकेत शिकारीचे परवाने आणि १९३७ च्या कायद्यानं वन्यजीवांसाठी राखून ठेवलेला बंदुका-काडतुसांवरचा कर, यांतून वन्यजीव संवर्धनाला मोठा पैसा मिळतो. शिकारी घटले की तोही आटणार. शिकार पटो न पटो, जमिनीची काळजी कोण घेणार आणि तिचे पैसे कोण देणार, हा प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही.