पुनर्मीलनानंतरचा ताण : 'डीप पर्पल', लता-रफी आणि सामूहिक कलानिर्मितीतील वाट्याचा प्रश्न

प्रस्तावना

सामूहिक कलानिर्मितीत फाटाफूट होणे ही मराठी वाचकाला अपरिचित गोष्ट नाही. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले व त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. थोड्याच अवधीत टेंबे तिच्यातूनही वेगळे झाले. अशा फाटाफुटींवर आपल्याकडे विपुल लेखन झालेले आहे. परंतु दुरावलेले कलावंत पुन्हा एकत्र आल्यानंतर त्यांच्यात काय घडते, या प्रश्नाकडे तुलनेने दुर्लक्ष झाले आहे. पुनर्मीलन हा कथेचा सुखान्त मानला जातो आणि चरित्रकारही तेथेच लेखणी खाली ठेवतो. वस्तुतः खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. प्रस्तुत लेखात एक इंग्रजी रॉक बँड आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतातील एक गायक-जोडी यांच्या आधारे या उत्तरकाळाचा विचार केला आहे. दोन्ही ठिकाणी स्वर परत जुळले. श्रेय आणि मोबदल्याचा हिशेब मात्र जुळला नाही, आणि नंतरच्या कुरबुरींचे मूळ त्या हिशेबातच होते, असे दिसते.

'डीप पर्पल' : पाच नावांची तीन नावे

'डीप पर्पल' हा बँड १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झाला. त्याचा अभिजात मानला जाणारा संच १९६९ मध्ये जमला. त्यात रिची ब्लॅकमोर (गिटार), इयान गिलन (गायन), रॉजर ग्लोव्हर (बेस गिटार), जॉन लॉर्ड (ऑर्गन) आणि इयान पेस (ड्रम्स) हे पाच जण होते. १९७० ते १९७३ या अल्पकाळात या संचाने स्टुडिओत चार अल्बम केले. त्यांपैकी 'मशीन हेड' (१९७२) सर्वाधिक गाजला. या काळातील एक व्यवस्था विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. गीताची मूळ कल्पना कोणाचीही असो, ते पाचही जणांच्या नावे नोंदवले जाई. साहजिकच रचनेचे स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, समान वाटली जाई. एखाद्या एकत्र कुटुंबाच्या मिळकतीसारखीच ही पद्धत होती. आणि एकत्र कुटुंबाप्रमाणेच, कमावत्या माणसाला ती कालांतराने जाचू लागते.

ब्लॅकमोर आणि गिलन यांचे पटेनासे झाले. गिलन यांनी राजीनामा दिला आणि २९ जून १९७३ रोजी ओसाका येथे या संचाचा शेवटचा कार्यक्रम झाला. ग्लोव्हर यांनाही जावे लागले. पुढे १९७५ मध्ये ब्लॅकमोर स्वतःच बाहेर पडले व त्यांनी 'रेनबो' हा बँड काढला. ज्या ग्लोव्हरना त्यांच्यामुळे जावे लागल्याचे बोलले जाई, तेच १९७९ पासून 'रेनबो'त त्यांचे सहकारी झाले. व्यावसायिक जगातील वैर असे सोयीनुसार मवाळ होते. मूळ बँड १९७६ मध्ये विसर्जित झाला.

१९८४ मध्ये हेच पाच जण पुन्हा एकत्र आले. 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' हा त्यांचा अल्बम त्याच वर्षी निघाला आणि जगभर खपला. श्रोत्यांच्या दृष्टीने सारे पूर्ववत झाले होते. मात्र अल्बमवरील श्रेयनामावली पाहिल्यास वेगळे चित्र दिसते. आता बहुतेक गीते ब्लॅकमोर, गिलन आणि ग्लोव्हर या तिघांच्याच नावे होती. लॉर्ड आणि पेस यांची नावे मोजक्याच ठिकाणी उरली. माणसे पाच परतली होती, करार मात्र नवा होता. श्रोता वाद्यांचा मेळ ऐकतो. नामावलीतील हा बदल त्याच्या कानी पडत नाही.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात सांगता येईल. १९८९ मध्ये गिलन यांना काढण्यात आले व त्यांच्या जागी 'रेनबो'चे माजी गायक जो लिन टर्नर आले. बँडच्या पंचविसाव्या वर्षाच्या निमित्ताने गिलन यांना परत बोलावण्यात आले, तेही ब्लॅकमोर यांच्या मनाविरुद्ध. टर्नर यांना अर्थातच जावे लागले. १७ नोव्हेंबर १९९३ रोजी हेलसिंकी येथील कार्यक्रमानंतर, दौरा अपुरा असतानाच, ब्लॅकमोर कायमचे निघून गेले. २०१६ मध्ये अमेरिकेतील 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने बँडचा सन्मान केला, त्या सोहळ्यालाही ते आले नाहीत.

महाराष्ट्रातील निकटचे उदाहरण

महाराष्ट्रात रॉक बँडच्या पुनर्मीलनाचे उदाहरण नाही असे नाही. १९८४ मध्ये मुंबईत सुरू झालेला 'रॉक मशीन' १९९३ पासून 'इंडस क्रीड' या नावाने ओळखला गेला, १९९७ मध्ये थांबला आणि २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला. गायक उदय बेनेगल व गिटारवादक महेश तिनईकर परतले; बेस आणि ड्रम्सवर मात्र नवे वादक आले. जुना संच जसाच्या तसा आणण्याचा हट्ट या मंडळींनी धरला नाही, हे शहाणपणाचेच म्हटले पाहिजे. परंतु आपल्याकडे लोकप्रिय संगीताचे केंद्र बँड हे नव्हतेच. ते चित्रपट होते. तेथे संगीतकार, गीतकार, वादक आणि गायक यांचे अनौपचारिक संच वर्षानुवर्षे एकत्र काम करीत. म्हणून या प्रश्नाचे सर्वांत बोलके भारतीय उदाहरण मुंबईच्या ध्वनिमुद्रण-कक्षातच सापडते.

नाव, पुरस्कार, वाटा

लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यातील दुरावा हा स्वभावांचा संघर्ष म्हणून सांगितला जातो. त्याची पार्श्वभूमी मात्र पार्श्वगायकाच्या दर्जाशी निगडित आहे. 'महल' (१९४९) या चित्रपटातील लताबाईंच्या गाजलेल्या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून चित्रपटातील पात्राचेच, म्हणजे 'कामिनी' हे नाव छापले गेले होते. गायकाचे खरे नाव तबकडीवर यावे, ही पहिली मागणी होती व ती लवकरच मान्य झाली. त्यानंतर पुरस्काराचा प्रश्न आला. फिल्मफेअर पुरस्कारांत संगीतकाराचा गौरव होई, गायकाला स्थान नव्हते. ते मिळेपर्यंत त्या सोहळ्यात गाणार नाही, अशी भूमिका लताबाईंनी घेतली. १९५९ मध्ये पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि 'मधुमती'साठी पहिला मान त्यांनाच मिळाला. यानंतर साठच्या दशकाच्या आरंभी त्यांनी तिसरी मागणी पुढे केली : ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीवर गायकालाही स्वामित्वधन मिळावे.

या क्रमाकडे पाहिल्यास तिसरी मागणी लहर नव्हती, हे स्पष्ट होते. चित्रपट काही आठवडे चालतो, तबकडी वर्षानुवर्षे खपते. गायकाला मात्र एकदाच मानधन मिळते. यावर रफी यांची भूमिका वेगळी होती. ठरलेले मानधन स्वीकारल्यावर व्यवहार पूर्ण झाला. त्यानंतर निर्मात्याकडे मागणे उरत नाही, असे ते मानीत. हा भाबडेपणा होता असे काही लेखक सुचवतात, ते पटण्यासारखे नाही. चित्रपट पडला तर गायक मानधन परत करीत नाही. मग जोखीम न घेणाऱ्याने नफ्यात वाटा का मागावा, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या वर्गातही विचारला जाईल असाच आहे. एकाने गायकाला सहनिर्माता मानले, दुसऱ्याने कुशल कारागीर. दोघेही आपापल्या चौकटीत सुसंगत होते.

गायकांच्या एका बैठकीत मतभेद विकोपास गेले आणि दोघांनी एकत्र गाणे थांबवले. १९६७ पर्यंत ही स्थिती राहिली. या काळात रफींबरोबरची अनेक युगुलगीते सुमन कल्याणपूर यांच्याकडे आली. 'राजकुमार' (१९६४) आणि 'जब जब फूल खिले' (१९६५) या चित्रपटांतील त्यांची युगुलगीते आजही ऐकली जातात. पुनर्मीलनाचा आनंद साजरा करताना मधल्या काळात ज्यांनी ती जागा सांभाळली त्यांचे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. टर्नर यांच्या वाट्याला जे आले, त्याहून सौम्य रीतीने तेच सुमनताईंच्या वाट्याला आले. त्यांना पद्मभूषण मिळाला तो २०२३ मध्ये.

१९६७ नंतर

१९६७ मध्ये सचिन देव बर्मन यांच्या गौरवाच्या कार्यक्रमात लता आणि रफी यांनी 'ज्वेल थीफ'मधील युगुलगीत रंगमंचावर एकत्र गायले आणि अबोला संपला. समेट घडवण्याचे श्रेय जयकिशन यांना दिले जाते, तर काही जण नर्गिस यांना देतात. त्यानंतर 'आराधना', 'पाकीजा', 'अभिमान' यांसारख्या चित्रपटांत या दोन स्वरांनी श्रोत्यांना पुन्हा तृप्त केले. परंतु समेटाच्या वेळी स्वामित्वधनाचा प्रश्न सुटला नव्हता. तो केवळ बाजूला ठेवला गेला. मैत्रीत असे प्रश्न बाजूला ठेवता येतात, पण ते संपत नाहीत, रूप बदलतात.

हे रूपांतर १९७७ मध्ये दिसले. त्या वर्षी प्रदर्शित झालेल्या 'अमर अकबर अँथनी'त लता, रफी, किशोरकुमार आणि मुकेश हे चार स्वर एकाच गीतात होते. आणि त्याच वर्षी जून महिन्यात रफी यांनी गिनीज बुकच्या संपादकांना पत्र पाठवले. लता मंगेशकर यांनी १९४८ ते १९७४ या काळात किमान २५,००० गीते ध्वनिमुद्रित केल्याची नोंद १९७४ मध्ये त्या ग्रंथात आली होती. तिला रफी यांनी आक्षेप घेतला. रफी यांच्या निधनानंतर १९८४ च्या आवृत्तीत लताबाईंच्या नोंदीबरोबर रफी यांच्या २८,००० गीतांच्या दाव्याचा उल्लेख झाला. १९९१ मध्ये ही नोंदच वगळली गेली. पुढील संशोधकांनी केलेल्या गणनेत दोन्ही आकडे कितीतरी फुगलेले ठरले. मोबदल्याच्या वाट्यावर भांडण्याची सोय उरली नाही, तेव्हा भांडण कीर्तीच्या वाट्यावर आले.

येथे एक प्रतितुलना उपयुक्त ठरते. सचिन देव बर्मन आणि लता मंगेशकर यांच्यातही १९५७ च्या सुमारास दुरावा आला होता. एका गीताचे पुन्हा ध्वनिमुद्रण करण्यावरून झालेला गैरसमज हे त्याचे कारण सांगितले जाते. 'बंदिनी'च्या (१९६३) सुमारास ते पुन्हा एकत्र आले आणि बर्मनदांच्या अखेरच्या काळापर्यंत हे सहकार्य टिकले. जुन्या भांडणाचे पडसाद नंतर उमटले नाहीत. मानापमानाचे भांडण मनधरणीने मिटते. वाट्याच्या भांडणाला व्यवस्था बदलावी लागते, आणि व्यवस्था त्या दोघांच्या हाती नव्हती.

कायद्याची बाजू

ती कोणाच्या हाती होती? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये चित्रपटासाठी मोबदला देऊन करून घेतलेल्या कामाचा प्रथम स्वामी निर्माता ठरे. गीतकार-संगीतकारांच्या संस्थेने याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९७७ मध्ये निर्मात्यांच्या बाजूने निर्णय दिला. रफी यांचे पत्र याच वर्षीचे आहे, हा योगायोगच. या निकालाला न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडले. भारतीय संगीतात आत्मा गायनात असतो, तरी कायदा केवळ कागदावर उतरवलेल्या स्वररचनेला संरक्षण देतो आणि गाणाऱ्याला नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले. म्हणजे लताबाईंची मागणी ज्या हक्कावर आधारलेली होती, तो हक्क तेव्हा कायद्यात अस्तित्वातच नव्हता. आणि रफी यांची भूमिका त्या वेळच्या कायद्याशी तंतोतंत जुळणारी होती.

१९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्या कलावंताचा हक्क प्रथम मान्य केला. परंतु चित्रपटासाठी एकदा संमती दिल्यावर तो लागू होत नसे. २०१२ च्या दुरुस्तीने हे बंधन दूर केले आणि व्यावसायिक वापरात गायकाला स्वामित्वधनाचा अधिकार दिला. पुढील वर्षी गायकांची स्वतंत्र हक्क-संस्था उभी राहिली. अर्थात या तरतुदीची व्याप्ती मर्यादित आहे. नागपूरच्या वसंतराव देशपांडे सभागृहात लता-रफींची युगुलगीते सादर करणाऱ्या ऑर्केस्ट्राच्या गायकाला त्या रात्रीच्या मानधनाखेरीज काही मिळत नाही. सार्वजनिक सादरीकरणाच्या परवान्याचे शुल्क भरले गेलेच, तर ते गीतकार-संगीतकारांच्या बाजूला जाते. १९६० च्या दशकातील वाद त्याच्यापुरता अजून तेथेच आहे.

२०१२ मध्येच आणखी एक गोष्ट घडली. समेटापूर्वी रफी यांनी लेखी दिलगिरी व्यक्त केली होती, असे लताबाईंनी एका मुलाखतीत सांगितले. रफी यांच्या मुलाने ते पत्र दाखवण्याची मागणी करीत तीव्र आक्षेप घेतला. एकीकडे संसदेने तत्त्वाचा निकाल लावला होता आणि दुसरीकडे क्षमा कोणी मागितली यावर वर्तमानपत्रांत चर्चा चालू होती. कायद्याने सादरकर्त्या कलावंताच्या हक्काची मुदत सादरीकरणानंतरच्या वर्षापासून ५० वर्षे ठरवली आहे. १९६७ मध्ये रंगमंचावर गायल्या गेलेल्या त्या युगुलगीताला हा हक्क लागू आहे असे घटकाभर मानले, तरी ती मुदत २०१७ च्या अखेरीस सरली.