झाडपाल्याला अपाय नसतो काय?

‘झाडपाल्याचेच औषध आहे, गुण आला नाही तरी अपाय तर नाही ना!’ हे वाक्य गजकर्णाने वा खरजेने गांजलेल्या घरांत इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते, की त्याला पुरावा मागणारा उद्धट ठरावा. तरीही तो मागितलाच पाहिजे. कारण ज्या द्रव्यात जंतूंचा संहार करण्याचे सामर्थ्य आहे, त्यात मनुष्याची त्वचा भाजून काढण्याचेही असू शकते.

बिब्ब्याचेच पाहा. सुईला टोचलेला बिब्बा दिव्याच्या ज्योतीवर धरून, त्यातून पाझरणारे काळे तेल कातडीवर टेकवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. आणि तो उतला म्हणजे अंगावर कसे फोड येतात, कशी आग होते, हेही सर्वांना ठाऊक आहे. ज्या आयुर्वेदाची साक्ष काढून हे प्रयोग चालतात, त्याच शास्त्राने विटेच्या चुऱ्याने शोधन केल्यावाचून भल्लातक म्हणजेच बिब्बा वापरू नये, असे बजावले आहे. ती ताकीद विसरायची आणि शास्त्राचे नाव मात्र पुढे करायचे, हा परंपरेचा आदर नव्हे. कच्चा लसूण वाटून बांधल्याने त्वचा भाजल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांच्या दप्तरी आहेत.

एकोणिसाव्या शतकात गोवा आणि मुंबई इलाख्यात गजकर्णावर ‘गोवा पावडर’ नामक पिवळसर पूड चोळली जाई. ती मुळात ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाच्या खोडातील, हे त्याच देशातील बाहियाच्या डॉ. दा सिल्वा लिमा यांनी उघडकीस आणले. ती गुणकारी होती, पण कातडी लाल करी आणि डोळ्यांत गेल्यास दाह उत्पन्न करी. तिच्यातील क्रायसारोबिन या द्रव्याच्या अभ्यासातूनच पुढे १९१६ साली सोरायसिसवरील डायथ्रॅनॉल हे औषध प्रचारात आले. अर्थात मात्रा, शुद्धता आणि परीक्षण यांची जोड मिळाल्यावरच.

वनस्पती फोल आहेत, असा याचा अर्थ नव्हे. ऑस्ट्रेलियात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पायांच्या बुरशीवर ५० टक्के टी-ट्री तेल लावणाऱ्यांपैकी ६४ टक्के रोग्यांची बुरशी नाहीशी झाली. निष्क्रिय द्रव लावणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. मात्र तेल लावणाऱ्या काहींना त्वचादाहही झाला. कडुनिंब व हळद यांच्या लेपाने खरजेचे ८१४ पैकी ९७ टक्के रोगी बरे झाल्याचा १९९२ चा अहवाल आशादायक खरा, तथापि तो प्राथमिक स्वरूपाचा असल्याने त्यावर अखेरचा निकाल देता येत नाही.

आणखी काही समजुती थोडक्यात. रक्त बिघडल्याने गजकर्ण होत नाही. ते बुरशीने होते. प्रयोगशाळेतील काचेच्या तबकडीत औषधाने बुरशी मेली, म्हणजे रोग्याच्या त्वचेवरही ती मरेलच असे नाही. नागिणीच्या तोंडाला शेपूट भिडल्याने कोणी मरत नाही; नागीण हा कांजिण्यांच्याच विषाणूचा विकार असून त्यावरील औषध शक्यतो ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते, आणि लेप-मंत्रात जातो तो हाच काळ. स्टेरॉइडमिश्रित मलमाने खाज थांबली, तरी बुरशी आत पसरतच राहते.

तेव्हा विनंती एवढीच, की चट्टा पसरत असेल, पू वा ताप येत असेल, विकार डोळ्यांजवळ असेल किंवा रोगी तान्हे मूल वा मधुमेही असेल, तर पाटा-वरवंटा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे.