वालुकाश्मावरील प्रस्तरारोहण : ओल आणि खडकाचे बळ

मुक्ताईनगरच्या परिसरात तापी-पूर्णेच्या गाळाखाली, तसेच उत्तरेकडील सातपुड्यात, बेसॉल्ट आढळतो. तोच सातपुडा पूर्वेस पचमढीला पोहोचतो तेव्हा मात्र तेथील कडे गोंडवनी वालुकाश्माचे असतात. खानदेशातील प्रस्तरारोहकाची नजर बेसॉल्टवर घडलेली असते. हिवाळ्यात तो कर्नाटकातील बदामीच्या तांबूस कड्यांकडे वळतो, तेव्हा हीच नजर त्यास चकविण्याचा संभव असतो.

बेसॉल्टमध्ये स्फटिक एकमेकांत गुंतलेले असतात. तेथील धोका सुटलेल्या शिळा, झिजलेले सच्छिद्र थर व तांबड्या मातीचे पट्टे यांत असतो. घट्ट खडकाचा पृष्ठभाग वाळला की बहुधा काम भागते. वालुकाश्माचे तसे नाही. वाळूचे कण सिलिका, लोहाचे ऑक्साइड, कॅल्साइट किंवा मृण्मय खनिजे यांनी सांधलेले असतात आणि कणांमधील पोकळ्यांत पाणी शिरले की हे सांधे दुबळे होतात. हॉकिन्स व मॅककॉनेल यांनी १९९२ साली ३५ ब्रिटिश वालुकाश्मांच्या परीक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. भिजल्यामुळे होणारी बलहानी सिलिकायुक्त नमुन्यांत अवघी ८ टक्के, तर मृत्तिकायुक्त नमुन्यांत ७८ टक्क्यांपर्यंत आढळली. अर्थात् ‘वालुकाश्म’ या एका नावावर विसंबून काहीच ठरविता येत नाही. बदामीचा खडक मुख्यत्वे क्वार्ट्झचा असल्याने तो पुष्कळ सुदैवी म्हणावा लागेल. तथापि कठीण कवचाखाली भुसभुशीत भाग असेल, तर ओल्या दिवशी हाताची पकड किंवा पायाखालची कपारच निखळते. शिवाय तुटलेली पकड पुन्हा मिळत नाही.

खरी अडचण अशी की पृष्ठभाग आतल्या ओलीच्या कितीतरी आधी वाळतो. म्हणून कड्याच्या पायथ्याची वाळू वीतभर उकरून पाहणे श्रेयस्कर. ती दमट लागली, तर कडाही दमट मानावा. काळसर डाग, झिरपणाऱ्या फटी, क्षारांचे पांढरे थर आणि बोटाने घासताच सुटणारे कण याही खुणा होत. थाप मारल्यावर पोकळ आवाज देणाऱ्या पापुद्र्यावर भार टाकू नये. वाळण्यास लागणारा काळ पावसाचे मान, वारा, ऊन व कड्याची दिशा यांवर अवलंबून असतो. सावलीतील, निवाऱ्याची भिंत सर्वांत शेवटी वाळते. अमेरिकेतील नेवाडातल्या ‘रेड रॉक’ येथे पावसानंतर एक ते तीन दिवस थांबण्याचा प्रघात आहे. जर्मनीतील सॅक्सनीत तर ओल्या वालुकाश्मावर चढण्यास नियमानेच मनाई आहे.

ऋतूंचा अंदाजही घरून नेता येत नाही. उत्तर कर्नाटकाच्या अंतर्भागात पावसाचा जोर सप्टेंबरात असतो व ऑक्टोबरातही सरी येतात. खानदेशात आकाश निवळले असले तरी बदामीचा कडा ओला असू शकतो. उन्हाळ्यात ओलीची चिंता सरते, पण तापलेल्या खडकावर घामेजलेली बोटे निसटतात. तेव्हा सकाळी पश्चिमाभिमुख व दुपारनंतर पूर्वाभिमुख भिंत निवडणे इष्ट ठरते.